मंडळी जमेना तेव्हा

२२ मार्च २०२० हा रविवार होता, ख्रिस्ती उपवासकाळातला चौथा. जनता कर्फ्यूसाठी रविवार निवडण्यात सोय होती. कचेऱ्या बंद, शाळा बंद, लोक एरवीही घरीच. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या ख्रिस्ती घरांत मात्र इस्त्रीचे कपडे घालून सहकुटुंब बाहेर पडायचा दिवस तोच. संध्याकाळी पाचला सगळ्या गल्लीबरोबर थाळ्या वाजल्या. पुढच्या रविवारचे पुढच्या रविवारी बघू, असे म्हणायला तेव्हा वाव होता.

दोनच दिवसांत तो वाव संपला. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. केंद्राच्या आदेशात प्रार्थनास्थळांचे वेगळे कलम होते: सर्व स्थळे लोकांसाठी बंद, धार्मिक जमावाला परवानगी नाही, कोणताही अपवाद नाही. अंत्यविधीसाठीही आकडा ठरला, वीस माणसे. २८ मार्चला जळगावात करोनाचा पहिला रुग्ण सापडला. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता, १० एप्रिलला उत्तम शुक्रवार आणि १२ ला ईस्टर. ख्रिस्ती वर्षातला सगळ्यात गजबजलेला आठवडा सगळ्यात कडक बंदीत सापडला.

झावळ्यांच्या रविवारी रात्री नऊ वाजता सगळ्या देशाने नऊ मिनिटे दिवे लावले. त्या दिवशी ज्यांना हातात झावळी घेऊन ‘होसान्ना’ म्हणत निघता आले नाही, त्यांनीही दारात पणती किंवा मेणबत्ती लावलीच असणार. खानदेशातला ख्रिस्ती माणूस शेजाऱ्यापासून वेगळा राहत नाही. त्याची संख्याच तेवढी नाही.

ही संख्या समजून घ्यायला हवी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या ०.९६ टक्के. त्यातले बहुसंख्य मुंबई, ठाणे, वसई आणि पुण्याच्या पट्ट्यात. खानदेशात नवापूरचा आदिवासी भाग सोडला तर ख्रिस्ती वस्ती विरळ आहे: जळगावात काही घरे, भुसावळला रेल्वेच्या नोकरीने आलेली आणि राहिलेली काही, धुळ्यात काही, अमळनेर, चाळीसगाव, दोंडाईचा, नंदुरबार अशी शहराशहरांत थोडी थोडी. वसईत एखादे चर्च बंद झाले तर अख्ख्या गावाला कळते. जळगावात ते कळायला त्या गल्लीतच राहावे लागते.

या विरळपणामागे इतिहास आहे. १९०६ साली इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, आणि जवळजवळ त्याच रेषेवर मिशनांचीही वाटणी झालेली दिसते. जळगाव-भुसावळच्या बाजूला, वऱ्हाडातून पुढे सरकत, ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेचे काम पसरले. म्हणून आजही या भागात ‘अलायन्स चर्च’ हे नाव भेटते. धुळे-नंदुरबारच्या बाजूला स्वीडन, नॉर्वेकडची माणसे आली. फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे (१९४९ पासून ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’) आणि स्वीडिश अलायन्स मिशनचे हे क्षेत्र. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावातली आद्याक्षरे याच काळाची खूण. कॅथलिकांची व्यवस्था निराळी. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, आणि नाशिक, अहमदनगर, जळगाव, धुळे, नंदुरबार एवढा विस्तीर्ण मुलूख एका बिशपांकडे आला. करोनाकाळात ही जबाबदारी बिशप लूर्ड्स डॅनिअल यांच्याकडे होती. जळगावच्या फादरांना आपल्या बिशपांना भेटायचे तर अडीचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता कापायचा, आणि टाळेबंदीत जिल्ह्याची हद्द ओलांडायलाच पास लागत होता.

पवित्र आठवड्यात कॅथलिक धर्मगुरू एरवी बिशपांभोवती जमतात. तेलाला आशीर्वाद देण्याची मिस्सा तेव्हा होते आणि वर्षभराच्या बाप्तिस्म्याचे, आजाऱ्यांच्या अभ्यंगाचे तेल तिथून गावोगावी जाते. व्हॅटिकनने २५ मार्च २०२० ला फर्मान काढून ही मिस्सा पुढे ढकलायची मुभा दिली. त्याच फर्मानात पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी त्या वर्षापुरता वगळला. ईस्टरच्या आदल्या रात्री देवळाबाहेर जो अग्नी पेटवतात तोही नको म्हटले. एकमेकांचे पाय धुवा, या आज्ञेची आठवण करून देणारा विधी नेमका हात धुण्याच्या वर्षी बंद झाला! पण फर्मान काढणाऱ्यांच्या अंगणातच, इटलीत, तेव्हा रोज शेकड्यांनी माणसे मरत होती. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या रिकाम्या चौकात एकटे उभे राहिले, ते दृश्य खानदेशातही मोबाइलवर पोचले.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत उत्तम शुक्रवारची उपासना दुपारी बारा ते तीन अशी चालते. वधस्तंभावरचे सात उद्गार, एकेका उद्गारावर एकेक वक्ता, मध्ये गीते. एप्रिलमधले जळगावचे ऊन ज्याने सोसले आहे त्याला या तीन तासांची किंमत वेगळी सांगायला नको. पत्र्याखाली पंखे गरगरत असतात, पदराने, रुमालाने वारा घेणे चालू असते आणि तरी कोणी उठत नाही. फोनवर हा कार्यक्रम जमण्यासारखा होता. सात वक्त्यांनी सात घरांतून बोलावे आणि ऐकणाऱ्यांनी कुलर लावून ऐकावे. ईस्टरची प्रभातफेरी मात्र फोनवर जमण्यासारखी नव्हती. अंधारात निघायचे, गात गात घरोघर जायचे, बऱ्याच ठिकाणी दफनभूमीत जाऊन पुनरुत्थानाची घोषणा करायची. चालणाऱ्या माणसांवाचून तिच्यात काही उरत नाही.

करोनाने उपासनेचे सरळ दोन भाग पाडले: ऐकण्याचे आणि करण्याचे. प्रवचन, वचनवाचन, साक्ष, मध्यस्थीची प्रार्थना हे ऐकण्याचे भाग व्हॉट्सअॅप, यूट्यूब, झूमवरून घरात आले, आणि वाईट आले असे म्हणता येणार नाही. जे अंथरुणाला खिळलेले, जे पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेले, ते कित्येक वर्षांनी आपल्या गावच्या उपासनेत बसू शकले. करण्याचे भाग अडले. प्रभुभोजनाचे काय करायचे? कॅथलिकांपुढे प्रश्नच नव्हता: धर्मगुरूवाचून मिस्सा नाही. घरी बसणाऱ्यांनी मनानेच प्रभूला स्वीकारावे, ही जुनी प्रार्थना मिस्सेच्या प्रक्षेपणात पुन्हा ऐकू येऊ लागली. प्रोटेस्टंटांत जगभर दोन तट पडले. काहींनी कुटुंबांना सांगितले, भाकर आणि द्राक्षरस फोनसमोर ठेवा, पाळक प्रार्थना करतील. काहींना हे पटले नाही. एका भाकरीतून सगळ्यांनी खायचे तर सगळे एका जागी हवेत, असे म्हणून ते थांबून राहिले. प्रस्तुत लेखकाला दुसऱ्या बाजूचे म्हणणे जास्त सच्चे वाटते. उपास घडला तर तो उपास म्हणून सोसावा, जेवल्यासारखे करू नये.

आणि गाणे. मराठी ख्रिस्ती उपासनेतून गाणे काढले तर काय उरते, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक, पेटी, ढोलक, टाळ यांवर ती उभी आहे. पश्चिम खानदेशात अहिराणी, मावची, भिली गीतांची भर पडते. केंद्राने ४ जून २०२० ला प्रार्थनास्थळांसाठी जे नियम काढले त्यात गायकवृंद नको, शक्य तिथे ध्वनिमुद्रित गीते लावा, असे होते. तीर्थ शिंपडणे नको, धर्मग्रंथांना स्पर्श नको. नियम उगाच नव्हता. १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली नावाच्या गायकवृंदाची तालीम झाली. ६१ जण जमले होते, त्यांच्यातले ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. ती माणसे अडीच तास एकत्र गायली होती, एवढेच. इतकी साधी, आनंदाची गोष्ट मृत्यूचे कारण होते हे कळल्यावर कोणत्या पाळकाने पेटीवर हात ठेवावा?

याच गीतांचा एक धागा जळगाव जिल्ह्याशी जुळलेला आहे. मराठी चर्चमध्ये आजही गाइली जाणारी कितीतरी भजने रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. त्यांच्या घरी अहमदनगरला जाऊन राहिलेले बालकवी ठोमरे धरणगावचे. बालकवींचा मृत्यूही याच जिल्ह्यात, ५ मे १९१८ ला भादली स्टेशनात रेल्वेखाली. त्यानंतर चारच महिन्यांत इन्फ्लुएन्झाची मोठी लाट आली आणि मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसे गेली. त्याआधीची दोन दशके प्लेगची. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या मुलाला, ओंकारला, प्लेगने कायमचे अधू केले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त प्लेगचे दिवस येतात. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळातील बायकांच्या हालांबद्दल जाहीर पत्र लिहून सरकारला धारेवर धरले. साथ आली की प्रार्थना करायची आणि सरकारला जाबही विचारायचा, या दोन्ही गोष्टी मराठी ख्रिस्ती माणसाने करून ठेवलेल्या आहेत.

जाब विचारण्यासारखे जळगावात घडले. मे-जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्याचा करोना मृत्युदर बारा टक्क्यांवर गेला, देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट. २ जूनपासून जिल्हा रुग्णालयातून एक ८२ वर्षांची रुग्ण बेपत्ता होती. १० जूनला तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काहींना निलंबित केले गेले, जिल्हाधिकारी बदलले. ती आजी कोणत्या धर्माची हे विचारायचे कारण नाही. त्या दिवसांत रुग्णालयात गेलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी एकच भीती होती: आत काय चालले आहे ते कळणार नाही, आणि मरताना जवळ कोणी नसेल.

ख्रिस्ती घरात या दुसऱ्या भीतीला धार जास्त. मरणाऱ्याच्या उशाशी वचन वाचायचे, गीत म्हणायचे, पाळकांनी हात धरून प्रार्थना करायची, फादरांनी तेल लावायचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. कॅथलिक चर्चने २० मार्च २०२० लाच यावर तोडगा काढला होता. ज्यांना शेवटचे अभ्यंग मिळणे शक्य नाही आणि जे आयुष्यभर काही ना काही प्रार्थना करत आले आहेत, त्यांना मृत्यूसमयी पापांच्या दंडाची पूर्ण माफी मिळेल. जवळ क्रूस असला तर बरे, असेही त्यात म्हटले होते. रुग्णालयात जाताना पिशवीत टॉवेल, चार्जर, आधार कार्डाच्या झेरॉक्सबरोबर एक छोटा क्रूस टाकायचा, तो यासाठी. प्रोटेस्टंटांकडे असे फर्मान नसते. तिथे फोन कानाला लावून वचन ऐकवणे एवढेच हाती होते, तेही वॉर्डातल्या कोणा परिचारिकेने फोन धरला तर.

मग दफन. या बाबतीत सरकारी कागद लोकांच्या समजुतीपेक्षा माणुसकीचा होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्येच मृतदेहांविषयी जी मार्गदर्शक सूचना काढली तिने दफनाला मनाई केलेली नव्हती. देहाला स्पर्श होणार नाही अशा बेताने धर्मग्रंथ वाचणे, तीर्थ शिंपडणे चालेल, असे तिने स्पष्ट म्हटले होते. आंघोळ घालणे, मुके घेणे, मिठी मारणे याला मनाई होती. मुंबईत महापालिकेने ३० मार्चला सरसकट दहनाचा आदेश काढला आणि लगेच बदलला. त्याची बातमी एवढी पसरली की सुधारणा कोणी वाचलीच नाही. त्यामुळे गावोगावी पाळकांना कागद दाखवून समजावावे लागण्याची वेळ होती. जे मंडळीचे पंच परिपत्रके वाचणारे होते त्यांच्या माणसांना मूठभर माती तरी मिळाली. वाचता येणे ही त्या वर्षी मोठी सेवा ठरली.

सगळा दोष साथीवर टाकून चालणार नाही. केंद्राने ८ जूनपासून प्रार्थनास्थळे उघडायला मोकळीक दिली तरी महाराष्ट्राने ती बंदच ठेवली. आषाढीला मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या. एरवी शेकडो मैल पायी चालणारी खानदेशची वारी बसच्या खिडकीत मावली. रमजान घरात गेला, गणपती घरात आले. ऑक्टोबरात राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात मंदिरे उघडण्यावरून पत्रापत्री रंगली. त्या वादात चर्चचे नाव क्वचितच कोणी घेतले, पण कुलूप त्यालाही तेच होते. १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला, सगळी प्रार्थनास्थळे उघडली. आठ महिन्यांनी चर्चचे दार उघडले ते पाडव्याच्या मुहूर्तावर, आणि खानदेशातल्या ख्रिस्ती माणसाला त्यात काही खटकले नसेल. त्याच्याकडे नाताळाला करंज्या, शंकरपाळे, अनारसेच तर होतात.

नाताळही वाकून आला. २२ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत महापालिका क्षेत्रांत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी लागली. जळगाव आणि धुळे दोन्ही महापालिका, म्हणजे मध्यरात्रीची मिस्सा अशक्य. राज्याच्या सूचना बारकाईने लिहिलेल्या होत्या: चर्चमध्ये पन्नासांहून अधिक नकोत, गायक जास्तीत जास्त दहा, प्रत्येकाला वेगळा माइक, साठीवरच्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच थांबावे, ३१ डिसेंबरची आभारप्रदर्शनाची उपासना संध्याकाळी सात किंवा त्याआधी उरकावी. वयाच्या दोन अटी एकत्र वाचाव्यात म्हणजे कळते की नाताळातून आजी आणि नातू दोघेही वजा झाले होते. पन्नासांची मर्यादा वसईला जाचली असेल. खानदेशातल्या कित्येक छोट्या मंडळ्यांत पन्नास म्हणजे चांगली हजेरी. लहान असण्याचा असा फायदा त्यांना पहिल्यांदाच झाला.

२०२१ चा ईस्टर तर थेट दुसऱ्या लाटेच्या चढावर सापडला. झावळ्यांचा रविवार होता २८ मार्चला, त्याच दिवसापासून राज्यभर रात्रीची संचारबंदी. उत्तम शुक्रवार आणि ईस्टरसाठी मोठ्या चर्चमध्ये पन्नास, लहानांत दहा ते पंचवीस, असा आकडा ठरला. ४ एप्रिलला सकाळी ईस्टरची उपासना झाली आणि त्याच दिवशी मंत्रिमंडळाने नवे निर्बंध ठरवले. ५ एप्रिलच्या रात्री आठपासून प्रार्थनास्थळांना पुन्हा कुलूप. ते निघाले ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी.

ती दुसरी लाट फार वाईट होती, आणि तिच्यात मंडळीपण निभावण्याची एक निराळी जागा दिसते. धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या रस्त्याला नवापूर तालुक्यात चिंचपाडा लागते. मिशनने १९४२ साली तिथे सुरू केलेले ख्रिस्ती रुग्णालय आज इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन चालवते. आदिवासी पाड्यांना जवळ असलेले हे रुग्णालय करोनाच्या रुग्णांसाठीही उघडे राहिले. त्याच नंदुरबार जिल्ह्यात डॉ. राजेंद्र भारूड हे जिल्हाधिकारी होते, आणि प्राणवायूचे प्रकल्प आधीच उभारून ठेवल्याने सगळ्या देशाचे लक्ष त्यांनी वेधले. प्रार्थनास्थळ बंद असताना रुग्णालय चालू ठेवणे हा उपासनेचाच भाग, असे चिंचपाड्यासारख्या ठिकाणी कोणाला मुद्दाम सांगावे लागत नाही. ऐंशी वर्षे ते तसेच चालत आले आहे.

पाड्यांवर मात्र यूट्यूबची उपासना हा शहरी लाड होता. जिथे मोबाइलला रेंज मिळवायला टेकडीवर चढावे लागते, घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेला, तिथे फेसबुक लाइव्ह कोणासाठी? तिथे कामी येते ती जुनी पद्धत: ओट्यावरची घरसभा, चार घरांची प्रार्थना, वचन वाचता येणारा एक तरुण. शंभर वर्षांपूर्वी मिशनची माणसे थंडीत तंबू घेऊन गावोगाव फिरायची, बायबल-बाया घरोघर जायच्या, तेव्हाची खानदेशातली मंडळी इमारतीशिवायच वाढली होती. इमारत बंद झाली तेव्हा कमी गांगरले ते हे लोक.

पैशाचे बोलायला ख्रिस्ती लोक लाजतात, म्हणून एका परिच्छेदात. लहान मंडळीच्या पाळकाचे मानधन रविवारच्या दानाच्या थैलीतून येते. रविवार नाही, थैली नाही. हंगामाच्या सणाला लोक आणतात ती ज्वारी, केळी, कोंबडी यांचा लिलाव होतो आणि त्यावर छपराची दुरुस्ती निघते. जमावबंदीत लिलाव कसला? क्यूआर कोड आला, पण तो ज्यांच्या खात्यात पैसे होते त्यांच्यासाठी. मिशन गेल्यावर स्वावलंबी व्हा, असे या मंडळ्यांना दोन पिढ्या सांगितले गेले आणि त्या झाल्याही. स्वावलंबनात गंगाजळी नसते हे करोनाने दाखवले. मोठ्या शहरांतल्या श्रीमंत चर्चनी खानदेशातल्या पाळकांची वर्षभराची सोय करायला हवी होती. पुढच्या वेळेसाठी तरी असा सामाईक निधी आत्ताच उभा करावा.

आणखी एक काम राहिले आहे, आणि ते खानदेशातल्या प्रत्येक मंडळीचे, धर्मग्रामाचे आहे. प्लेग आपल्याला कळतो तो लक्ष्मीबाईंसारख्यांनी लिहून ठेवला म्हणून. २०२०-२१ ची खानदेशातली उपासना व्हॉट्सअॅपवर झाली, आणि ते फोन एव्हाना बदलले, फुटले, विकले गेले. बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या, दफनाच्या रजिस्टरांत त्या दोन वर्षांची पाने आहेत. कोणाचे दफन किती माणसांत झाले, वचन कोणी वाचले, कोणाचा बाप्तिस्मा दीड वर्ष लांबला, पहिली उपासना पुन्हा कधी झाली आणि तिला कोण आले नाही, हे त्या पानांच्या समासात आजही लिहिता येईल. माहिती असलेली माणसे अजून हयात आहेत. पाळकांनी, फादरांनी आणि मंडळीच्या सेक्रेटरींनी येत्या नाताळाआधी ही रजिस्टरे काढावीत, जुन्या माणसांना बोलवावे आणि लिहून घ्यावे.